काळ्या पट्ट्याची धुलाई

कराटेच्या वर्गात घातलेल्या मुलाला पहिल्या पंधरवड्यातच काही नियम तोंडपाठ होतात. हॉलमध्ये शिरताना वाकायचं. सरांनी काही सांगितलं की 'ओस' म्हणायचं. पट्टा जमिनीवर टाकायचा नाही, त्याला ओलांडून जायचं नाही. आणि पट्टा कधीही धुवायचा नाही. बाकीच्या नियमांबद्दल घरच्यांची तक्रार नसते. उलट दप्तराशी आणि वह्यांशीही पोरगं असंच वागलं तर बरं, असं त्यांना वाटतं. गाडी अडते ती शेवटच्या नियमावर. घामाने चिंब झालेला पांढरा ड्रेस दर खेपेला कॉलर घासून धुवायचा आणि त्याच ड्रेसभोवती दोन वेढे घेऊन बसलेला पट्टा मात्र तसाच कपाटात ठेवायचा, हे कपडे धुणाऱ्या माणसाच्या बुद्धीला पटत नाही.

पुण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळचा वर्ग सुटताना हा वाद ऐकायला मिळाला. मुलांची रांग मोडली होती, बूट शोधण्याची झुंबड उडाली होती आणि एक आई सरांना गाठून उभी होती.

"सर, वास येतो हो त्याला. नुसता पाण्यातून काढला तरी चालणार नाही का?"

"ताई, त्यात त्याची मेहनत आहे."

"मेहनत आहे ते खरंच आहे. पण परवा त्यात शेंगदाण्याची चटणीही होती."

सर हसले, पण बधले नाहीत. त्यांनी त्यांचा स्वतःचा पट्टा दाखवला. एकेकाळी काळा असावा. गाठीच्या जागी वरचं कापड पार विरून गेलं होतं आणि आतलं पांढरं सूत बाहेर आलं होतं. कडांना दशा लोंबत होत्या. "वीस वर्षांचा आहे. एकदाही पाणी लावलेलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला अभिमान खोटा नव्हता. मी वाकून बघितलं, आणि खरं सांगायचं तर जरा लवकरच सरळ उभा राहिलो.

हा नियम पाळणाऱ्यांना कारण विचारलं की एक गोष्ट सांगितली जाते. पूर्वी म्हणे पट्टा एकच असायचा, पांढरा. वर्षानुवर्षांच्या घामाने, धुळीने, रक्ताने तो आधी पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी काळा होत जायचा. म्हणून काळा पट्टा म्हणजे मुरलेला माणूस. आणि म्हणून पट्टा धुणं म्हणजे मिळवलेलं ज्ञान गटारात सोडणं. गोष्ट ऐकायला झकास आहे. मुलांना सांगायला तर फारच सोयीची. अडचण एवढीच की ज्याने पट्ट्यांची ही पद्धत सुरू केली, त्याच्या हयातीतल्या घटना या गोष्टीशी जुळत नाहीत.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामी चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढली. त्यापूर्वीच्या जुजुत्सूच्या घराण्यांत विद्या पूर्ण झाल्याचं प्रमाण म्हणून गुंडाळी मिळायची, आणि तीही मोजक्या टप्प्यांवर. कानो पेशाने शिक्षक होते, पुढे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते प्राचार्य झाले. विद्यार्थ्याला पुढची पायरी दिसत राहिली की तो टिकतो, हे त्यांना ठाऊक होतं. 'गो' या पटावरच्या खेळात खेळाडूंची प्रतवारी लावण्यासाठी 'दान' ही श्रेणी रुळलेली होती. ती त्यांनी उचलली आणि १८८३ मध्ये शिरो सैगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना पहिली दान दिली. गंमत म्हणजे तेव्हा त्यांना वेगळा पट्टा दिलाच नव्हता. दान मिळालेल्यांनी काळा पट्टा बांधायची पद्धत पडली ती १८८६ च्या सुमारास. म्हणजे दोनच रंग होते, पांढरा आणि काळा. एका दिवशी पांढरा सुटायचा आणि काळा बांधला जायचा, आणि तो रंगाऱ्याच्या हौदातून काळा होऊन आलेला असायचा. घामाने त्यात काहीच केलेलं नव्हतं.

ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटेची प्रात्यक्षिकं दाखवायला टोकियोत आले, तेव्हा कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावून घेतलं. ज्यूदोचा पांढरा पोशाख आणि श्रेणीची पद्धत कराटेने तिथूनच घेतली. १९२४ मध्ये फुनाकोशींनी आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. तेव्हा फुनाकोशी पन्नाशी उलटून गेलेले होते आणि त्यांचा तोवरचा बहुतेक सराव पट्ट्याविनाच झालेला होता.

पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रांग आणखी नंतरची, आणि तिचं श्रेय बरंचसं युरोपला जातं. लंडनमध्ये गुंजी कोइझुमी यांनी १९१८ मध्ये काढलेल्या बुडोक्वाई क्लबात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रंगीत पट्टे दिसू लागले. १९३५ मध्ये पॅरिसला आलेल्या मिकिनोसुके कावाइशी यांनी ती पद्धत पक्की केली. युरोपातल्या शिकाऊ माणसाला काळ्या पट्ट्यापर्यंत थांबायचा धीर नव्हता, त्याला मधले थांबे हवे होते. आपल्याकडच्या क्लासचालकांनाही हे थांबे मानवले, कारण प्रत्येक थांब्यावर परीक्षा असते आणि परीक्षेला फी असते. पण तो वेगळा लेख.

रंगांचा क्रम फिक्याकडून गडदाकडे का, याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की पैसे वाचवायला तोच पट्टा पुन्हा पुन्हा रंगवला जायचा. पांढऱ्याचा पिवळा होतो, पिवळ्याचा हिरवा, हिरव्याचा तपकिरी. उलटा प्रवास शक्य नाही. हे स्पष्टीकरण खरं मानायचं तर पट्टा दर परीक्षेनंतर रंगाच्या पाण्यात उकळून निघायचा. मग न धुण्याचं व्रत राहिलं कुठे?

जपानमधल्या दोजोचा, म्हणजे सरावाच्या हॉलचा, रोजचा शिरस्ताही या व्रताला धार्जिणा नाही. सराव संपला की ओलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून, ओणवं होऊन, मुलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत लादी पुसतात. ते काम कुणा मावशींवर सोपवलेलं नसतं, ते शिक्षणाचाच भाग असतं. आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाच्या नियमांत पोशाख स्वच्छ, कोरडा आणि दुर्गंधीविना असावा असं लिहिलेलं आहे. नखं कापलेली हवीत. पट्टा चार ते पाच सेंटिमीटर रुंद हवा आणि गाठ मारल्यावर दोन्ही टोकं वीस ते तीस सेंटिमीटर बाहेर राहायला हवीत. पट्ट्यावर वीस वर्षांची मेहनत असेल तर वासात सवलत द्यावी, असं कलम त्यात नाही.

आता वस्तूकडे वळू. पट्टा म्हणजे नेमकं काय, हे बघायला मी एक जुना, टाकाऊ काळा पट्टा घेऊन ओळखीच्या शिंपीकाकांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, "हे शिवायला मशीनही दणकट लागतं" असा शेरा मारला आणि ब्लेडने एका टोकापासून उसवायला घेतला. लांबीच्या दिशेने एकमेकींना समांतर आठ शिवणी होत्या. वरचं कव्हर साटिनचं, बोटाला गुळगुळीत लागणारं. त्याच्या आत जाड, पांढऱ्या सुती कापडाचे पदर एकावर एक. चांगल्या पट्ट्याचा गाभा असाच सुती असतो. मेरठ आणि जालंधरच्या बाजूने येणाऱ्या स्वस्त मालात कधी कधी त्या जागी पॉलिएस्टरची वात भरलेली निघते.

टोकांकडचा गाभा जवळजवळ कोरा होता. जसजसं मधल्या भागाकडे, म्हणजे पोटावर जिथे गाठ बसते तिकडे उसवत गेले, तसतसा तो पिवळा पडत गेला, आणि गाठीच्या जागी तर चहा सांडल्यासारखे गोल डाग, एकात एक, प्रत्येकाची कड जरा गडद. घाम झिरपला, वाळला, मिठाची कड सोडून गेला, पुन्हा झिरपला. काकांनी तो तुकडा नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला.

"वरून वाळलाय," ते म्हणाले, "आतून हा कधी वाळलाच नाही."

त्या एका वाक्यात पट्ट्याचं सगळं दुखणं आलं. अंगातला शर्ट एकपदरी असतो, पंख्याखाली तासाभरात कोरडा होतो. पट्टा सहा-आठ पदरांचा, आठ शिवणींनी आवळलेला, वर आतली ओल कोंडणारं साटिन. वर्ग सुटला की मुलगा तो गोळा करून बॅगेत कोंबतो, बॅगेची चेन लावतो आणि परवापर्यंत विसरतो. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती बॅग उघडताना येणारा कुबट वास ज्याने घेतलाय, त्याला जंतुशास्त्र समजावून सांगायला नको.

तरी थोडं सांगतो. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतो. कातडीवरचे आणि कापडावरचे जिवाणू घामातली द्रव्यं खाऊन जे काही मागे सोडतात, त्याला वास येतो. कापड कुठलं यावरही बरंच अवलंबून. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना जोरदार सायकलिंग करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले. सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या कपड्यांना जास्त घाण वास येत होता आणि मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिएस्टरवर जास्त माजले होते. सुती गाभ्यावर पॉलिएस्टरच्या साटिनचं कव्हर म्हणजे ओल धरायला एक आणि वास धरायला दुसरं, अशी जोडी जमते.

वासाने माणूस मरत नाही. पट्टा धुवायचं खरं कारण कातडीचं आहे. नायटा किंवा गजकर्ण आपल्याकडे घरोघर माहीत आहे. लाल, खाजरी, कडेला उठलेली आणि मध्ये साफ दिसणारी ती चकंदळं. हा बुरशीचा आजार. ही बुरशी केराटिनवर जगते, म्हणजे आपली कातडी, केस आणि नखं ज्याची बनतात त्यावर. कातडीचे सुटलेले बारीक कण कापडावर पडले तर त्यांच्यासोबत तिचे बीजाणूही पडतात आणि ते महिनोन्महिने तग धरू शकतात. जिथे अंगाला अंग घासतं तिथे, म्हणजे कुस्ती, ज्यूदो आणि ब्राझीलियन जिउ-जित्सूत, तिचं फावतं. जपानमध्ये २००० नंतरच्या वर्षांत शाळा-कॉलेजांच्या ज्यूदो आणि कुस्तीच्या संघांत ट्रायकोफायटन टॉन्स्युरन्स नावाची बुरशी अशी पसरली, की खेळाडूंच्या केसांतून ब्रश फिरवून, तो प्रयोगशाळेत तपासून वाहक शोधावे लागले. कारण डोक्यात बुरशी घेऊन फिरणाऱ्या कित्येकांना खाज नव्हती, डाग नव्हता, काहीच लक्षण नव्हतं.

आपल्याकडची कथा याहून चिघळलेली. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातले त्वचारोगतज्ज्ञ न बऱ्या होणाऱ्या गजकर्णाबद्दल बोलत आहेत. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज दोन दिवस दबते आणि बुरशी ऐसपैस पसरते. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणाऱ्या या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी स्वतंत्र नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळल्याची नोंद झाली.

पट्ट्याचा यात वाटा किती? डॉक्टरांना विचारलं तर ते आधी अंगाला अंग लागणं सांगतील, मग घरातले एकत्र वापरलेले टॉवेल, मग चटया. पट्टा त्यानंतर. पट्टा ड्रेसवरून बांधतात, थेट कातडीवर नव्हे. हे खरं आहे, आणि पट्टा न धुणाऱ्यांचा हाच सर्वांत चांगला मुद्दा आहे. पण एखादा वर्ग नीट बघा. ज्यूदो आणि जिउ-जित्सूत प्रतिस्पर्धी पट्टा मुठीत धरून ओढतो, झटापटीत तो सुटून चटईवर पडतो, वरून चार जण लोळून जातात, मग तोच उचलून पुन्हा बांधला जातो. लहान मुलांच्या कराटेच्या वर्गात अंगाला अंग फारसं लागत नाही, पण रांगेत उभं राहून कंटाळलेलं सात वर्षांचं मूल काय करतं? पट्ट्याचं टोक तोंडात घालून चघळतं. एकदा हे लक्षात आलं की प्रत्येक वर्गात निदान दोघं तरी दिसतात. त्याच टोकाने मघाशी त्याने नाक पुसलेलं असतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न तालमीने आपल्या परीने कधीच सोडवून ठेवलाय. कोल्हापूरच्या हौद्यातली लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे. ती चाळून घेतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात आणि रोज फावड्याने वरखाली करतात. हळद-कापराने बुरशी किती मरते याचा हिशेब मांडायला गेलं तर वाद होईल. पण माती शिळी पडू द्यायची नाही, ही जाणीव त्यात आहे. आणि लंगोटाचा नियम तर त्याहून कडक. लंगोट ज्याचा त्याने धुवायचा, ज्याचा त्याने वाळत घालायचा, दुसऱ्याचा नेसायचा नाही. एका जुन्या वस्तादांना मी कराटेवाल्यांचा न धुण्याचा नियम सांगितला. त्यांना आधी वाटलं मी थट्टा करतोय.

"न धुता नेसतात? आनि वर्षानुवर्षं?"

"त्यात मेहनत साठते म्हणतात."

"मेहनत अंगात साठती. कापडात घान साठती," वस्ताद म्हणाले आणि पोरांच्या जोरांकडे वळले.

वस्तादांचं म्हणणं बिनतोड आहे, तरी पूर्वेकडे न धुण्याची एक खरीखुरी परंपरा आहे, हेही सांगायला हवं. ती सुमो मल्लांची. त्यांचा मावाशी, म्हणजे कमरेभोवती आवळून गुंडाळायचा तो जाड पट्टा, पाण्याने धुवायचा नसतो. तो उन्हात वाळवतात. वरच्या श्रेणीच्या मल्लांचा स्पर्धेतला मावाशी नऊ-दहा मीटर लांब, जड रेशमाचा असतो आणि पाणी लागलं की त्याचा कडकपणा जातो. आपल्याकडच्या जुन्या घरांना हे परकं वाटू नये. सुती सोवळं रोज धुवून, कुणाची शिवाशिव होणार नाही अशा दांडीवर वाळत घालायचं, पण रेशमी मुकट्याला आणि लोकरीच्या धाबळीला मात्र न धुताच पावित्र्य असायचं. श्रावणातल्या पूजेला तो मुकटा गाठोड्यातून बाहेर निघाला की माजघरात जो दरवळ सुटायचा, त्याच्याबद्दल वडीलधाऱ्यांसमोर बोलायची सोय नव्हती. सूत धुवायचं आणि रेशीम जपायचं, यामागे शास्त्र जेवढं सांगितलं जायचं तेवढंच कापडाच्या किमतीचंही गणित असावं. पट्टा सुती आहे. मग मुकट्याचे लाड त्याला कशासाठी?

या सगळ्या फिरस्तीत मला एक जाणवलं. न धुणाऱ्यांना जे जपायचं आहे ते खरंच जपण्यासारखं आहे. फक्त ते मळात नाही, झिजेत आहे. त्या पुण्याच्या सरांच्या पट्ट्याकडे बघून मान आपोआप झुकते ती त्यावरच्या विरलेल्या साटिनमुळे, गाठीच्या जागी उघड्या पडलेल्या पांढऱ्या सुतामुळे. ती झीज हजारो वेळा मारलेल्या आणि सोडलेल्या गाठीची आहे. साबणाच्या पाण्याने ती जात नाही. धुतल्याने निघून जाईल ते मीठ, तेल, मेलेली कातडी आणि धूळ. उद्या सरांनी पट्टा बादलीत बुडवला तरी वीस वर्षं जशीच्या तशी वर येतील, फक्त जरा सुसह्य होऊन. आणि झिजेलाही आता भाव आला आहे, म्हणून काही हौशी मंडळी नवा काळा पट्टा पॉलिशपेपरने घासून म्हातारा करतात. अशांना मात्र पट्टा न धुण्याची मुभा द्यायला हरकत नाही, त्यांचा घाम त्यात गेलेलाच नसतो.

आता बादली भरा.

सगळ्यांना भीती असते ती रंगाची, आणि ती रास्त आहे. काळा, तांबडा, निळा हे पट्टे पहिल्या दोन-तीन धुण्यांत रंग सोडतात. स्वस्त पट्टे जास्त सोडतात, कारण रंगवल्यावर त्यांतला न चिकटलेला रंग नीट धुवून काढलेला नसतो. तेव्हा पट्टा एकटाच भिजवायचा, पांढऱ्या ड्रेसबरोबर चुकूनही नाही. रंग टिकावा म्हणून मीठ, तुरटी किंवा व्हिनेगर घालायचा सल्ला घरोघर मिळतो. मिठाचा उपयोग रंगारी रंगवताना करतो, रंग कापडात ओढला जावा म्हणून. रंगवून झालेल्या कापडावर मीठ त्याला धरून ठेवत नाही. तुरटी वनस्पतीजन्य रंगांच्या कामाची, व्हिनेगर लोकर-रेशमाच्या आम्लरंगांच्या. आजच्या सुती पट्ट्यावर या तिन्ही गोष्टी निरुपद्रवी आणि जवळपास निरुपयोगी आहेत. पहिल्या खेपेला गार पाण्यात भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा विसळणं हाच खरा उपाय. जो रंग जायचाच आहे तो असा एकदाचा जाऊ द्यावा.

ब्लीचचं नाव काढायचं नाही. सुती काळ्यासाठी वापरला जाणारा गंधकयुक्त रंग क्लोरिनपुढे टिकत नाही, पट्टा विटकरी पडतो आणि सूतही कमजोर होतं. नेहमीची पावडर किंवा लिक्विड पुरेसं आहे. पण पावडर आत अडकून राहते, तेव्हा ती आधी पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावी, नाहीतर काळ्या पट्ट्यावर पांढरे ओघळ उमटतात. पंधरा-वीस मिनिटं भिजवावा, मग गाठीचा भाग आणि दोन्ही टोकं मऊ ब्रशने घासावीत. बाकीच्या पट्ट्याला फारसं काही झालेलं नसतं.

कोमट पाणी रोजच्यासाठी ठीक. पण वर्गात कुणाला गजकर्ण झालं असेल किंवा स्वतःलाच असेल, तर कोमटाने भागत नाही. या बुरशीचा खात्रीने नायनाट व्हायला साठ अंश सेल्सियस लागतात. तेवढ्या गरम पाण्यात सुती पट्टा थोडा आकसतो आणि रंगही सोडतो. तिथे रंगाची काळजी करण्यात अर्थ नाही, कातडीची करावी. एकच पट्टा असेल आणि तो सहा महिन्यांपूर्वीच्या मापाने आधीच आखूड पडत असेल, तर सरळ नवा घ्यावा.

मशीन चालेल का? चालेल, जाळीच्या पिशवीत घालून, कमी फेऱ्यांवर. जोरात पिळून निघालेला पट्टा मात्र गाभ्यातून पीळ पडून येतो आणि मग तो कमरेवर सपाट बसत नाही. हाताने धुतला तरी पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा, शिवणी ताणून सरळ करायच्या. नवा पट्टा लाकडासारखा ताठ असतो, त्याची टोकं आडवी उभी राहतात. दोन धुण्यांनंतर तो मऊ पडतो आणि गाठ नीट बसते. न धुणाऱ्यांना हा फायदा मी सांगून पाहिला, त्यांनी ऐकून घेतला.

धुण्यापेक्षा वाळवणं अवघड. शिंपीकाकांचं वाक्य विसरायचं नाही, आतून वाळला पाहिजे. उन्हाने काळा थोडा विटतो, त्यामुळे एरवी सावलीत वाळवायला सांगतात, पण पट्ट्याच्या बाबतीत मी उन्हाच्या बाजूचा आहे. दांडीवर दुहेरी न टाकता, दोन-तीन चिमट्यांनी लांब सोडायचा आणि हाताला कोरडा लागल्यावरही आणखी अर्धा दिवस ठेवायचा. पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर, आणि तेवढ्यानेही वाळत नसेल तर धुणं पुढे ढकललेलं परवडतं. अर्धवट वाळलेला धुतलेला पट्टा न धुतलेल्यापेक्षा वाईट. रेशमी कव्हर असलेले मानाचे पट्टे रिठ्याच्या पाण्यात, गार, हलक्या हाताने आणि सावलीत. पैठणी सांभाळणाऱ्या घरांना हे शिकवावं लागत नाही.

किती वेळा? जिथे चटईवर लोळणं आहे, तिथे आठवड्याला. नुसता कराटेचा सराव असेल आणि दर वर्गानंतर पट्टा बॅगेतून काढून टांगत असाल, तर महिना-दोन महिन्यांनी पुरे. ड्रेस मात्र प्रत्येक वेळी. याबद्दल न धुणाऱ्यांचंही दुमत नाही, हे बरं आहे.

शेवटी नावाचा मुद्दा. काळ्या पट्ट्यावर एका टोकाला आपलं नाव आणि दुसऱ्याला संस्थेचं, सोनेरी धाग्यात भरून घ्यायची पद्धत आता सगळीकडे आहे. पूर्वी जपानी लिपीत हवं असायचं, आता देवनागरीत मागणारेही वाढलेत. असं भरतकाम संगणकाच्या मशीनवर करणाऱ्या एका दुकानदाराला मी न धुण्याच्या नियमाबद्दल विचारलं. त्याला तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नव्हतं. त्याची तक्रार वेगळी होती. लोक परीक्षा पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोरा करकरीत पट्टा घेऊन येतात, घाईने नाव भरून घेतात, आणि सहा महिन्यांनी कधी घरात कुणीतरी पट्टा धुतला की गाभा आकसतो, धागा आकसत नाही, आणि अक्षरं चुरगळतात. कधी काळा रंग सुटून सोनेरी नाव राखाडी होतं. मग ते त्याच्याकडे भांडायला येतात.

"मी आता आधीच सांगतो," तो म्हणाला. "दोनदा धुऊन, वाळवून आणा, मग नाव टाकतो. अर्धे जण म्हणतात, आमच्यात पट्टा धुवायचा नसतो."

"मग?"

"मग त्यांच्याकडून पैसे आधी घेतो. आणि चुरगळलेलं नाव उसवून द्यायचं असेल तर दर दुप्पट."